आठ रुपये पंचवीस पैसे

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम आता पाडायचं म्हणतायत. २०२५ च्या नोव्हेंबरात बातमी आली, त्या १०२ एकरांवर स्पोर्ट्स सिटी होणार. होऊ द्या. पण दोस्तांनो, नवा नकाशा पसरायच्या आधी या स्टेडियमचा जुना हिशेब बघू. तो अजून कुणी चुकता केलेला नाही.

स्टेडियम उभं राहिलं १९८२ च्या एशियाडसाठी. एशियाडच्या बांधकामांवर किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. वरचा रुपया जमादाराचा. बायांच्या हातावर तर सातच टेकवायचे. चौदा वर्षांखालची पोरं कामाला जुंपलेली. गोदीत ज्यानं मुकादम बघितलाय त्याला हा रुपया कुठं गेला ते सांगायला नको. एका पत्रावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्याच साली निकाल दिला : किमान मजुरीपेक्षा कमी देऊन राबवणं म्हणजे वेठबिगारी, घटनेच्या कलम २३ चा भंग. वेठबिगारीविरुद्धचं कलम बत्तीस वर्षं घटनेत होतं. राजधानीत, सरकारच्या डोळ्यांदेखत, ते खडीखाली गाडलेलं सापडलं.

मग २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा. त्याच स्टेडियमच्या नूतनीकरणावर ९०० कोटींच्या वर खर्च. या खेपेला नुसत्या मजुराचा रुपया नाही मारला, आख्ख्या जमातीचा खिसा कापला. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात बजेट बाजूला काढायची योजना १९७९ पासून आहे, स्पेशल कंपोनंट प्लॅन. त्यातले सुमारे ७४४ कोटी दिल्ली सरकारनं स्पर्धेच्या कामांकडे वळवले. शिष्यवृत्तीचे, घरांचे, धंद्याच्या कर्जाचे म्हणून ठेवलेले पैसे! माहितीच्या अधिकारात हे उघडं पडलं तेव्हा गृहमंत्री चिदंबरम राज्यसभेत उठून म्हणाले, चूक झाली, पैसे परत होतील. आमच्या वस्तीतला पोरगा पाकीट मारताना सापडला आणि 'परत देतो' म्हणाला, तर त्याला कुणी सोडतं काय?

आणि एवढं करून काय बांधलं? स्पर्धेला बारा दिवस उरले असताना स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. जखमी कोण, तर मजूर.

ही घाई नशिबानं येत नाही, ती पोसलेली असते. स्टेडियमला दरसाल पैसा लागतो : गटारं, गवत, दिवे, ट्रॅक. पण गटार साफ केल्याची फीत कुठला मंत्री कापणार? म्हणून सडू द्यायचं. मग एखादी स्पर्धा आली की देशाच्या इज्जतीचा नगारा वाजवायचा, तारीख जवळ आणायची आणि तारखेच्या धाकानं हाताला लागेल ती तिजोरी फोडायची. २०२४ च्या ऑक्टोबरात याच मैदानावर गाण्याचा जलसा झाला. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर कचरा, दारूच्या बाटल्या, मोडलेले अडथळे. सरावाला येणारी पोरं बाहेर. जलशाचं भाडं आलं असेलच की! ते ट्रॅकवरच खर्च होईल असं कायद्यानं बांधून का टाकत नाहीत?

काही मित्र म्हणतील, तुला खेळ नको. खेळ आमचाच आहे, बाबांनो. पळवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखायचे, मग तिथंच साहेबांना चेंडू टाकायला लागले. १९११ साली इंग्लंडात शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना दिलं नाही. मैदान आम्ही दाबायचं आणि गॅलरीत बसायचं त्यांनी, हे तेव्हापासूनचं.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळालीय. म्हणजे नगारा पुन्हा वाजणार. नव्या स्टेडियमचा खर्च मांडतील तेव्हा पुढच्या तीस वर्षांची देखभाल त्याच कागदावर मागा, आणि ती तिकिटांतून, भाड्यातून, टीव्हीच्या पैशातून. बजेटची पुस्तकं बाहेर आली की अनुसूचित जातींच्या तरतुदीचं पान उघडून बसा. कंपोनंट प्लॅनचं नाव बदललं म्हणून पान चुकवू नका. आणि जो तिकडं विटा वाहायला जाईल त्याला दर शनिवारी विचारा, सही कितीवर केलीस आणि हातात किती पडले.