तपासणाऱ्याची खुर्ची रिकामी का?

२६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेले एक प्रशिक्षण विमान महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळले. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेत ते अडकले होते. प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी, दोघेही जागीच गेले. १८ मार्च २०२३ रोजी त्याच बिरसीवरून उडालेले दुसरे विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात आदळले. पुन्हा एक प्रशिक्षक आणि एक शिकाऊ तरुणी. सहा वर्षांत चार जीव. वर्तमानपत्रांनी दोन दिवस छायाचित्रे छापली, नेत्यांनी शोक व्यक्त केला आणि विषय संपला. या विमानांची, या प्रशिक्षणाची तपासणी कोण करतो, किती वेळा करतो आणि तपासणारा माणूस मुळात जागेवर आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो आम्ही आज विचारत आहोत.

बिरसी आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता आणि लोकसभेला आजही दोघांचा मतदारसंघ एकच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तेथे धावपट्टी बांधली. पुढे २००४ ते २०११ या काळात केंद्रातील नागरी विमान वाहतूक खाते याच भागातील नेते प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. त्या काळात बिरसीची धावपट्टी मोठी झाली, इमारत उभी राहिली, वैमानिक घडवणारी संस्था आली. विकासाच्या भाषणांत धावपट्टीची लांबी आली, गुंतवणुकीचे आकडे आले. तपासणी अधिकाऱ्याचे नाव मात्र एकाही भाषणात आले नाही.

हा अधिकारी करतो तरी काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. तिकीट काढून आपण ज्या विमानात बसतो त्या मोठ्या कंपन्या सोडल्या, तर उरलेले बहुतेक उड्डाण म्हणजे शिकाऊ विमाने, भाड्याची छोटी विमाने, पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे आणि उद्योगपतींची खासगी विमाने. या सर्वांना जगभर जनरल एव्हिएशन म्हणतात. आपल्या देशात त्यावर लक्ष ठेवण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहे. त्याचे अधिकारी दोन प्रकारचे असतात. एक एअरवर्दिनेस ऑफिसर. तो विमानाची प्रकृती पाहतो. इंजिन किती तास चालले, कोणता भाग कधी बदलला, देखभालीच्या नोंदीवर कोणाची सही आहे, हे तो तपासतो. दुसरा फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर. तो स्वतः अनुभवी वैमानिक असतो. प्रशिक्षकाला विश्रांती मिळते का, उड्डाणाचे तास खरे आहेत की कागदावर चढवले आहेत, विद्यार्थ्याला एकट्याने सोडण्याआधी त्याची परीक्षा नीट घेतली का, हे तो पाहतो. गंभीर दोष आढळला तर उड्डाण तत्काळ थांबवता येते. कमी गंभीर दोषासाठी सुधारणेची मुदत दिली जाते.

मोठ्या विमान कंपनीकडे स्वतःची सुरक्षा शाखा असते, तिच्यावर प्रवाशांचा आणि माध्यमांचा डोळा असतो. छोट्या गावातील फ्लाइंग स्कूलवर कोणाचाच डोळा नसतो. तेथे वीस-बावीस वर्षांची मुले असतात, घरच्यांनी काढलेले कर्ज असते आणि तास लवकर पूर्ण करण्याची घाई असते. तक्रार केली तर आपला परवाना अडकेल ही भीती असते. म्हणजे जेथे तक्रार करणारा सर्वांत दुबळा, तेथेच सरकारी तपासणाऱ्याची गरज सर्वांत मोठी.

आणि नेमका तोच माणूस जागेवर नाही. विमान सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात सांगितले की, डीजीसीएच्या १०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ पदे भरलेली आहेत. म्हणजे जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हा अहवाल आला तेव्हा अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेला तीन महिनेही झाले नव्हते. त्या दुर्घटनेत २६० माणसे गेली होती. तिचे कारण काय, हा वेगळा प्रश्न आहे. पण एवढ्या मोठ्या देशाची नियामक संस्था निम्म्या माणसांवर चालते, ही गोष्ट कोणत्याही दुर्घटनेच्या आधीपासून सरकारला ठाऊक होती.

हे दुखणे नवे नाही. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने भारताचा सुरक्षा दर्जा पहिल्या श्रेणीवरून दुसऱ्या श्रेणीवर आणला होता. प्रशिक्षित, पूर्णवेळ तपासणी अधिकारी पुरेसे नाहीत, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. तेव्हा मात्र सरकारची धावपळ झाली, घाईने भरती झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. याचा अर्थ काय? कंपन्यांच्या परदेशी उड्डाणांवर गदा आली की तपासणी अधिकारी सापडतात. वैनगंगेत दोन माणसे मेली की सापडत नाहीत!

दरम्यान वैमानिक तयार करण्याचा कारखाना जोरात सुरू आहे. २०२३ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून जवळपास एक हजार विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी देशात १६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले गेले, तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात एकाच खासगी संस्थेची दोन शिकाऊ विमाने चार दिवसांच्या आत कोसळली आणि त्यानंतरच डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. पुढच्याच महिन्यात डीजीसीएच्या एका संचालकाला, प्रशिक्षण संस्थांकडून लाभ घेतल्याच्या आरोपावरून निलंबित करण्यात आले. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि कायद्याप्रमाणे सिद्ध होईपर्यंत ते आरोपच आहेत. पण माणसे थोडी आणि अधिकार मोठे, अशी व्यवस्था भ्रष्टाचाराला आमंत्रण देते, एवढे सांगायला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. २०२५ मध्ये डीजीसीएने देशातील फ्लाइंग स्कूल्सची पहिली क्रमवारी लावली. ३५ संस्थांपैकी वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही आणि २२ संस्थांना पन्नास टक्केही गुण मिळाले नाहीत. पन्नास टक्क्यांच्या खालची शाळा विमान उडवायला शिकवत आहे, आणि ती आमच्या शेतांवरून, आमच्या गावांवरून उडते आहे.

वकील म्हणून आम्हाला यात आणखी एक मूलभूत दोष दिसतो. २०२३ ला कोसळलेले विमान केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे होते. २०१७ चे विमान ज्या संस्थेचे, ती भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि एक कॅनेडियन कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली. विमानतळ प्राधिकरण नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे, अकादमी त्याच मंत्रालयाची, तपासणारे डीजीसीए त्याच मंत्रालयाचे आणि अपघाताची चौकशी करणारा ब्युरोही त्याच मंत्रालयाचा. स्वतःच्या खटल्यात कोणीही स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. अमेरिकेने अपघाताची चौकशी करणारे मंडळ १९७५ पासून वाहतूक खात्याच्या पूर्ण बाहेर काढले. आपण १९३४ चा विमान कायदा बदलला, १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू केला, कायद्याचे नाव हिंदी केले; पण तिन्ही संस्थांवरची केंद्र सरकारची देखरेख जशीच्या तशी ठेवली. डीजीसीएला पूर्ण प्रशासकीय आणि आर्थिक स्वायत्तता द्या, ही शिफारस संसदीय समितीला त्यानंतरही करावी लागली.

काही कार्यकर्ते म्हणतील, विमानाशी आपल्या माणसाचा काय संबंध? आपला माणूस लालपरीत बसतो. त्यांना आमचे सांगणे आहे की हा प्रश्न विमानाचा नाही, तपासणीचा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ती बाळे कोणाची होती? खासगी इस्पितळाचे बिल भरू न शकणाऱ्या आयांची होती. अग्निसुरक्षेच्या कामाचा प्रस्ताव तेव्हा मंजुरीच्या वाटेवर अडकलेला होता. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, त्या दिवशी आठ कामगार गेले. इस्पितळ वेगळे, कारखाना वेगळा, विमान वेगळे आणि प्रत्येकाचे कारणही वेगळे असेल. पण तिन्ही ठिकाणी नागरिकाचा जीव एकाच गोष्टीवर अवलंबून होता. संकट येण्याआधी कोणीतरी येऊन, कोणाला न घाबरता, ‘हे बंद करा’ असे लिहून द्यायला हवे होते.

हे काम किती मोलाचे आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले, कामगार कोणत्या अंधारात काम करतो ते पाहिले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली केंद्रात मुख्य कामगार आयुक्तांची यंत्रणा उभी राहिली. कारखान्यांच्या सुरक्षेवर सल्ला देणारे मुख्य सल्लागाराचे कार्यालयही त्याच वर्षी स्थापन झाले. कायदा करून थांबायचे नाही, तो जागेवर जाऊन तपासणारा माणूस नेमायचा, ही त्यांची दृष्टी होती. तपासणाऱ्या माणसाविना कायदा म्हणजे नुसता कागद. आज ‘इन्स्पेक्टर राज संपवू’ अशी घोषणा देणाऱ्यांना टाळ्या मिळतात. इन्स्पेक्टर लाच घेत असेल तर त्याला तुरुंगात टाका. पण इन्स्पेक्टरच नको म्हणणारा मालकाचा वकील असतो, कामगाराचा नव्हे.

रिकाम्या खुर्च्यांना आणखी एक बाजू आहे आणि ती थेट आपली आहे. आरक्षणाचा विषय निघाला की संविधानाच्या ३३५ व्या अनुच्छेदातील प्रशासनाच्या कार्यक्षमतेची आठवण प्रस्थापितांना हटकून होते. निम्मी पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवताना ही कार्यक्षमता कोठे जाते? कायम पद भरायचे नाही, मग कंत्राटी सल्लागार नेमायचे. तो सल्लागार बहुधा कालपर्यंत त्याच उद्योगात नोकरीला असतो आणि उद्या तेथेच परतणार असतो. अशा माणसाने मालकाविरुद्ध ठणकावून अहवाल लिहावा, ही अपेक्षा कशी करायची? ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण द्यावे, असे केंद्राचे आदेश आहेत. सल्लागार या नावाखाली ते किती पाळले जातात, हे माहितीच्या अधिकारात विचारलेच पाहिजे.

म्हणून चळवळीपुढे आम्ही तीन कामे ठेवतो. पहिले, भंडारा आणि गोंदियातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात डीजीसीएला विचारावे की बिरसीतील प्रशिक्षणाची गेल्या पाच वर्षांत किती वेळा तपासणी झाली, किती दोष निघाले, किती दूर झाले आणि प्रवर्गनिहाय किती पदे रिकामी आहेत. दुसरे, आपल्या खासदारांनी चौकशी ब्युरो मंत्रालयाच्या बाहेर काढण्याची आणि पदे ठरावीक मुदतीत भरण्याची मागणी संसदेत लावून धरावी. तिसरे, आपल्या मुलामुलींनी या सेवेकडे वळावे. वैमानिक होण्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या पुढे जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सर्वोत्तम शिक्षण योजनेच्या जुन्या नियमावलीत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला कमाल तीन लाख बहात्तर हजारच धरले होते. ही तफावत भरून काढायला सरकारला भाग पाडले पाहिजे. परंतु एअरवर्दिनेस ऑफिसर होण्यासाठी वैमानिक असावे लागत नाही. अभियांत्रिकीची पदवी किंवा विमान देखभालीचा परवाना आणि लोकसेवा आयोगाची तयारी, हा त्याचा रस्ता आहे. आपल्या वस्त्यांतून अभियंते शेकड्यांनी बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना हे पद आहे हे तरी ठाऊक आहे? प्रत्येक बुद्ध विहारात, प्रत्येक वाचनालयात ही माहिती लागली पाहिजे.

जीविताचा हक्क २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो हक्क बिरसीच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीलाही आहे, जिल्हा रुग्णालयातल्या बाळालाही आहे आणि आयुध निर्माणीतल्या कामगारालाही आहे. त्या हक्काची राखण करणारी खुर्ची सरकारने रिकामी ठेवली असेल, तर ती भरायला लावणे आणि त्या खुर्चीवर बसण्याची पात्रता मिळवणे, ही दोन्ही कामे आता आपणच हाती घेतली पाहिजेत.