कामानं अंग मोकळं होतं म्हणे!

आमच्या वसमतकडं एक वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं की उलटं बोलायची कुणाची छाती होत नाही. "शेतातल्या बायकांना व्यायाम कशाला? दिवसभर हालचाल होतेच की!" बोलणारा बहुतेक वेळा बाजेवर बसलेला असतो. मला या वाक्याचा मनापासून राग आहे आणि आज तो इथं काढणार आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात, ती चिडली तरी चालेल.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकानं पिवळेधमक फोटो फिरवले. ती हळद जानेवारी ते मार्चच्या सुमारास जमिनीतून निघते. ट्रॅक्टर माती उकरून पुढं जातो. मागं कंद वेचायचे, माती झटकायची, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, हे बाया वाकून नाहीतर उकिडवं बसून करतात. त्याआधी कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी आणि पावसाळाभर खुरपणी. पाठ पुढं, मान खाली, मांड्या पोटाशी. हालचाल आहे, पण एकाच दिशेची, हजारदा केलेली. पाठ मागं कधी जाते? कंबर वळते कधी?

मोसंबी सोलल्यावर फोडींवर जी पातळ पांढरी पापुद्री दिसते ना, तशी एक आपल्या स्नायूंवरही असते. तिला फॅशिया म्हणतात. तिचे थर एकमेकांवरून सरकावेत म्हणून मधे एक बुळबुळीत द्रव असतो. इटलीतल्या पाडोवाच्या कार्ला स्टेको यांचं म्हणणं असं, की हालचाल थांबली की तो घट्ट होतो आणि हालचालीनं, उबेनं पुन्हा पातळ होतो. (थंडीतली काकवी आठवा.) हेलेन लँजेव्हिन यांच्या गटानं २०११ मध्ये अल्ट्रासाउंडनं मोजलं, तर जुनाट कंबरदुखीवाल्यांच्या पाठीतले हे थर सरासरी २० टक्के कमी सरकत होते. आता थर अडकले म्हणून दुखतं की दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि थर अडकतात, हे त्यातून ठरत नाही. फॅशियाचं नाव घेऊन सगळे रोग बरे करणारे गुरू हल्ली पुष्कळ झालेत, ते हा भाग सांगत नाहीत. असो.

आपल्याकडचा उपाय काय? सुई. माझ्या काकूंना एका दवाखान्यात (नाव नको) हंगामभर दर आठवड्याला कंबरेत दुखणं मारायचं इंजेक्शन मिळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेत. कुणी पाठीला हात लावून पाहिलं नाही, कुणी लघवी-रक्त तपासलं नाही. ही डायक्लोफेनॅकच्या घराण्यातली औषधं फार दिवस घेतली तर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, हे डॉक्टरमंडळींना माहीत असतं. याच औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचंही माप ३ मिलीवर आणलं. गिधाडाची आणि माणसाची तुलना सरळ होत नाही, मान्य. पण गिधाडांसाठी नियम झाले, आणि काकूंना कुणी एका शब्दानं विचारलं नाही, हे मला खुपतं.

दुसरा उपाय म्हणजे जोर. तुडवून घ्या, मान कडकन मोडून घ्या, उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खा. शहरातले लोक याला हसतात आणि टणक रोलरवर मांडी रगडून घेतात! २००८ च्या एका गणिती अभ्यासात असं निघालं, की मांडीवरचा जाड फॅशिया एक टक्काभर दाबायलासुद्धा माणसाच्या हातांना झेपणार नाही इतका जोर लागेल. मग रगडून काय सुटतं? आणि दुखऱ्या अंगावर जोर आला की अंग आणखी आवळून धरतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा हळू. उताणं पडायचं, गुडघे उभे, तळवे जमिनीवर. दोन्ही गुडघे मिळून एका बाजूला सोडायचे, दुखायच्या आधी थांबायचं, दोन श्वास, मग दुसरी बाजू. नंतर रांगल्यासारखं होऊन पाठ वर-खाली. मग उभं राहून हात वर आणि कुशीचा ताण. जोर शून्य, दहा मिनिटं. २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनंही जुनाट कंबरदुखीला गोळीआधी व्यायाम, योग, ताई ची यांसारखेच उपाय सुचवले. (पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मात्र सरळ डॉक्टर.)

काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अरे बाबा, सगळ्यांसमोर अशी पाय पसरून पडू कुठं? अन् भाकरी कोण टाकील?" खरी अडचण फॅशियात नाही, ती इथं आहे. बाई लवंडली की ती आळशी. पुरुष लवंडला की दमलेला.

हळद काढणी जवळ आली आहे. दादा, वहिनी, पोरांनो, संध्याकाळी काकू शेतातून आल्या की मधल्या खोलीत चटई टाका, दार लोटून घ्या आणि चहा तुम्ही ठेवा. कणीकही तोवर मळून ठेवता येते, भाकरीचं पीठ जमत नसेल तर.