वकिलानं भरपाईचे पैसे ठेवून घेतले तर? सनद जाऊ शकते, पण पैशांचं काय?

निळवंडेचे कालवे असोत की महामार्गाचं रुंदीकरण, अहिल्यानगर जिल्ह्यात जमिनीचा मोबदला हा गावोगावी चर्चेचा विषय. मोबदला कमी वाटला की शेतकरी कोर्टात जातो. निकाल लागला की रक्कम कोर्टात जमा होते आणि ती काढायचा अर्ज अनेकदा वकीलच करतात. मग वकिलानं रक्कम काढली आणि तुम्हाला सांगितलंच नाही तर?

असं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात एका वृद्ध, निरक्षर माणसाची जमीन गेली. भरपाईचे ८,११८ रुपये वकिलानं १९८७ मध्ये कोर्टातून काढले, पण अशिलाला कळवलं नाही. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचं प्रतिज्ञापत्र पुढे आलं, तेही खोटं ठरलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं तीन वर्षांसाठी सनद निलंबित केली. वकील त्याविरोधात सुप्रीम कोर्टात गेला, तर २००२ मध्ये कोर्टानं शिक्षा वाढवून त्याचं नाव वकिलांच्या यादीतूनच काढलं. त्याआधी १९९३ मध्ये मुंबईतल्या एका वकिलावरची अशीच कारवाई सुप्रीम कोर्टानं कायम ठेवली होती.

नियम काय सांगतात?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलानं अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायचा. फी किती आणि खर्चासाठी किती, हे वेगळं लिहायचं. अशिलाच्या नावे पैसे आले की लवकरात लवकर कळवायचं. मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यायची. हातातले पैसे 'उसने घेतले' असं दाखवता येत नाही.

तक्रार कुठे करायची?

नगरच्या वकील संघाला सनद काढून घेता येत नाही. तक्रार जाते मुंबईतल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे येते. एका वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

खरी अडचण इथे आहे

ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ नुसार समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव कायमचं काढू शकते. पैसे परत देण्याचा आदेश या शिक्षांमध्ये नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला अशिलाचे पैसे स्वतंत्र बँक खात्यात ठेवावे लागतात आणि फसलेल्या अशिलांसाठी भरपाई निधी आहे. आपल्याकडे अशा वेळी दिवाणी दावा किंवा विश्वासघाताची पोलीस तक्रार, हेच मार्ग उरतात. ग्राहक मंचाचं दारही मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बंद झालं.

म्हणून आधीच काळजी घ्या. वकीलपत्रावर सही करताना रक्कम काढण्याचा अधिकार देताय का, ते वाचा. रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात जमा व्हावी, असा अर्ज करायला सांगा. फीची पावती मागा. आणि निकाल लागल्यावर पैसे जमा झाले का, हे कोर्टात जाऊन स्वतः विचारा.