कब्रस्तानापुरता नकाशा

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मराठी माझ्याकडे शिकली, पुढे समाजशास्त्र घेऊन बीए झाली. आता तिला एमए करायचे आहे आणि विषय निवडला आहे शहर. शहर वाढते कसे, पाणी आधी कुणाच्या नळाला येते, जमीन कुणाच्या नावावर होते, कोण कुठल्या वस्तीत राहतो आणि का राहतो, याचा पदव्युत्तर अभ्यास. तिचे वडील मला भेटायला शाळेत आले. यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवणारे सभ्य गृहस्थ. म्हणाले, "टीचर, आप ही समझाइए इसे. शहर पढ़ के क्या करेगी? शहर में तो रहती ही है."

शिक्षक खोलीत सगळे हसले. मीही हसले. मग चहा आला आणि बीएडचे अर्ज कधी निघणार यावर बोलणे सुरू झाले. त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या समाजात पदवी झालेल्या मुलीसाठी दोनच रस्ते आखलेले आहेत: निकाह नाहीतर बीएड. बरेचदा दोन्ही. मी स्वतः त्याच रस्त्याने आले, तक्रार नाही. पण "बीएड केले की नोकरी पक्की" हे आजही सांगणाऱ्यांनी टीईटी आणि टेट देऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींना एकदा भेटावे. ती मुले शिकवण्या घेतात, झेरॉक्सच्या दुकानात बसतात आणि दर भरतीच्या बातमीला उठून उभी राहतात. तेव्हा शहराच्या अभ्यासाला नोकरी नाही, हा आक्षेप आपण घेऊ नये. नोकरी आहे, महापालिकांत आहे, एमएमआरडीएसारख्या प्राधिकरणांत आहे, विकास आराखडे तयार करून देणाऱ्या खासगी सल्लागारांकडे आहे. पक्की नाही, हे कबूल. पण पक्की आता कुठली राहिली आहे?

माझा मुद्दा मात्र नोकरीचा नाही.

माझ्या माहेरच्या गावाचे नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी तिथला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. जुम्याच्या नमाजनंतर ऐलान झाले की कब्रस्तानाच्या जागेचा प्रश्न आहे, सगळ्यांनी हरकती द्या. दोन दिवसांत छापील अर्ज आले, पोरे घरोघर सह्या घेत फिरली, वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. एकजूट पाहून डोळे भरून यावेत असे दृश्य होते. त्याच आराखड्यात आमच्या मोहल्ल्याच्या मागे शाळेचे आणि खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते. ते जुन्या आराखड्यातही होते. त्याबद्दल एकही अर्ज गेला नाही. मोहल्ल्याच्या मधून अठरा मीटरचा रस्ता काढलेला होता, त्याबद्दलही नाही. नकाशा लोकांनी कब्रस्तानापुरता पाहिला आणि गुंडाळून ठेवला. मेल्यानंतरच्या जागेची आपल्याला जेवढी फिकीर आहे तेवढी जगण्याच्या जागेची नाही, असे मी तेव्हा भावाला म्हणाले. तो रागावला. अजून रागावलेला आहे.

कब्रस्तान महत्त्वाचे नाही असे कोण म्हणेल? महानगरांत दफनाच्या जागेची टंचाई खरी आहे आणि त्यासाठी लढलेच पाहिजे. पण १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा फक्त कब्रस्तानासाठी केलेला नाही. आधी शहरातल्या प्रत्येक जमिनीचा आज काय वापर चालू आहे याचा नकाशा बनतो. मग प्रारूप आराखडा, मग मोजून दिलेल्या दिवसांत हरकती, मग समितीपुढे सुनावणी. पहिल्याच नकाशात चूक झाली, घरे आहेत तिथे मोकळी जागा दाखवली गेली, की पुढची वीस वर्षे ती चूक कागदावर खरी ठरते. आणि आरक्षण म्हणजे मैदान मिळाले असे नव्हे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. कलम १२७. तासिका भरून काढायला मी कित्येक वर्षे नागरिकशास्त्रही शिकवते, महापौर कसा निवडतात हे मुलांकडून पाठ करून घेते. हे कलम मला माझ्या या विद्यार्थिनीने सांगितले.

लोकांनी नकाशा वाचला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा २०१५ च्या सुरुवातीला आला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. नागरिक, वास्तुरचनाकार, कोळीवाड्यांतली माणसे, सगळे तुटून पडले. हजारोंनी हरकती आल्या आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा रद्द करून नव्याने करायला सांगावे लागले. त्या हरकतींना धार होती कारण नकाशा वाचू शकणारी माणसे सामान्य लोकांच्या शेजारी बसून अर्ज लिहीत होती. आपल्या मोहल्ल्यात अशी किती माणसे आहेत? डॉक्टर आहेत, फार्मसीवाले तर गल्लीगल्लीत आहेत. नकाशा वाचणारा एक दाखवा.

सभा-संमेलनांत आपण इब्न खल्दूनचे नाव फार घेतो. समाजशास्त्राचा जनक आमचा, वगैरे. त्याच्या 'मुकद्दिमा'त, म्हणजे १३७७ साली, शहरांवर आख्खे प्रकरण आहे. शहर वसवताना हवा कशी, पाणी किती जवळ, चराई, शेती आणि सरपण कुठून येणार, हे आधी बघा असे तो सांगतो. आणि मग आपल्याच लोकांवर घसरतो: कूफा, बसरा, कैरवान वसवताना अरबांनी उंटांची सोय पाहिली, बाकी काही पाहिले नाही, म्हणून ती शहरे टिकाव धरू शकली नाहीत. सहाशे वर्षांपूर्वीच्या या मालिकी काझीला आपल्या पूर्वजांच्या नगररचनेतल्या चुका काढताना संकोच वाटला नाही. आपण त्याच्या नावाने हॉल बांधू, पण त्याने केले ते शिकायला निघालेल्या मुलीला विचारू, शहर पढ़ के क्या करेगी.

आता दुसऱ्या बाजूला वळते, नाहीतर विद्यापीठवाले खूश होतील.

ही मुलगी गेल्या वर्षी एका नामांकित संस्थेत मुलाखतीला गेली होती. मंडळी सौजन्याने वागली, तिची तक्रार नाही. पण एकाने इंग्रजीत विचारले, तू घेट्टोत राहतेस का? तिने हा शब्द पुस्तकात वाचला होता, स्वतःच्या घराला कधी लावला नव्हता. ती मोहल्ल्याचे नाव सांगून गप्प बसली. मग अनौपचारिक अर्थव्यवस्थेवर प्रश्न आला. इंग्रजी अडखळले आणि मुलाखत संपली.

त्या मुलीच्या पिशवीत एक वही होती, ती कुणी मागितली नाही. मी पाहिली आहे. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. भिवंडीतल्या बिश्यांची वही. पैशांची भिशी नव्हे. यंत्रमाग कामगार महिन्याच्या हिशेबाने जिथे जेवतात ती बिशी. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला माणूस बारा तासांची पाळी करतो, ज्या खोलीत तो दिवसा झोपतो तिथे रात्री दुसरा झोपतो, आणि चूल दोघांचीही नसते. चूल बिशीत. कुठली बिशी कोणत्या जिल्ह्याच्या माणसांची, घरातली बाई किती वाजता उठते, वीज गेली आणि माग बंद पडले की उधारी किती दिवस चालते, सगळे तिने लिहून ठेवले आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती असलेल्या या शहराचे पोट कसे भरते, ते त्या वहीत आहे. अनौपचारिक अर्थव्यवस्था म्हणजे आणखी काय असते?

या विषयाची सुरुवात आपल्याकडे अशा वहीनेच झाली होती. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा जोडविभाग निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, त्यांच्यानंतर घुर्ये. गेडिस पायी फिरायचे. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून घरे पाडणाऱ्या इंजिनीअरांशी त्यांचे भांडण असे. आधी गल्ली बघा, विहीर बघा, झाड बघा, मग जेवढे अगदी गरजेचे तेवढेच पाडा, असे त्यांचे म्हणणे. आज शंभर वर्षांनी त्याच विषयाच्या दारात आपल्या मुलांना आधी शब्दकोश पाठ करावा लागतो.

आणि अभ्यास कुठल्या शहरांचा होतो? भारतीय शहरांतल्या मुसलमानांवर गाये आणि जाफ्रलो यांनी संपादित केलेला २०१२ चा ग्रंथ नावाजलेला आहे, नावाजण्यासारखाही आहे. अकरा शहरे आहेत त्यात. महाराष्ट्रातले एकच, मुंबई. मालेगाव नाही, भिवंडी नाही, औरंगाबाद नाही. दोष संपादकांचा नाही. जिथून कुणी लिहीत नाही तिथले ते तरी काय छापणार? भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. मग १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. असे का झाले, यावर खोपडेंनी स्वतः पुस्तक लिहिले. एका पोलीस अधिकाऱ्याने लिहिले! त्या समित्यांत बसलेल्या आपल्या बुजुर्गांपैकी कितीतरी जण आता हयात नाहीत. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला आपल्यातला एखादा एमएचा विद्यार्थी तेव्हा असता तर?

संशोधक येतच नाहीत असे नाही. प्रश्नावली घेऊन येतात, चहा पितात, आपण उत्तरे देतो. अहवाल परत आलेला मी पाहिलेला नाही. आला तरी तो वाचणार कोण, तो इंग्रजीत असतो. इंग्रजी लागणारच, जगातले ज्ञान त्यात आहे, हे मी वर्गात रोज सांगते. पण शेतीवर मराठीत बोललेले ज्ञान ठरते, तर बिशीवर उर्दूत लिहिलेली वही निदान पुरावा तरी का ठरू नये? प्रवेश देताना एवढे बघा, इंग्रजी वर्षभरात येईल. वहीतले वर्षभरात येणार नाही.

सरकारबद्दल एकच सांगते. पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे पुढचा खर्च घरून करायचा. आपल्या घरांत लग्नाला लाख-लाख निघतात, तेव्हा निघू शकतो.

पालकांसाठी माहिती: शहर धोरणाच्या एमएला सहसा कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. नगररचनेच्या एम.प्लॅनला फक्त आर्किटेक्ट किंवा इंजिनीअर लागतो हा गैरसमज आहे. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एमए केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी दार उघडे आहे. दिल्लीला जामियातही मानवी वसाहतींचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याला एकिस्टिक्स म्हणतात. जामिया म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जरा मऊ होतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

तिच्या वडिलांना मी परत बोलावले. या वेळी नकाशा पुढे ठेवला, त्यांच्या कारखान्याच्या वॉर्डाचा. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवले, आणि विचारले, "इसमें हमारी गली किधर है?" मलाही सापडेना. मुलीला हाक मारली. तिने दाखवली.

ती या वर्षी पुन्हा अर्ज करते आहे. शिफारसपत्र माझ्याकडे मागितले, ते मी मराठीत लिहिले आहे. सोबत वहीची पहिली वीस पाने जोडली आहेत.