आपल्या माध्यमाचा मालक कोण: देणगीदार, नेता की वाचक?

लंडनहून निघणारे 'ज्युइश क्रॉनिकल' हे साप्ताहिक 1841 साली सुरू झाले. आजवर अखंड चालू असलेले ज्यू समाजाचे जगातील सर्वात जुने वृत्तपत्र म्हणून ते ओळखले जाते. सप्टेंबर 2024 मध्ये या पत्राला गाझा युद्धावरचे अनेक लेख संकेतस्थळावरून काढून टाकावे लागले. ते एका मुक्त पत्रकाराचे होते. त्याच्या बातम्यांना आधार सापडत नव्हता आणि स्वतःच्या कारकिर्दीबद्दल त्याने केलेले दावेही संशयास्पद ठरले. हे उघड करण्यात पुढे होते इस्रायलमधलेच पत्रकार. त्यानंतर जोनाथन फ्रीडलंड, हॅडली फ्रीमन, डेव्हिड ॲरोनोविच या नामवंत स्तंभलेखकांनी पत्र सोडले.

या प्रकरणात चुकीच्या बातमीइतकाच पैशाचाही प्रश्न होता. हे पत्र आधी एका धर्मादाय न्यासाच्या मालकीचे होते. 2020 साली ते आर्थिक संकटात सापडले आणि एका गटाने विकत घेतले. त्या गटामागे पैसा कुणाचा, हे वाचकांना सांगितले गेले नाही. मालकच माहीत नसेल तर जाब कुणाला विचारायचा, हा राजीनामा देणाऱ्यांचा एक मुख्य आक्षेप होता.

शतकानुशतके द्वेष सोसलेल्या समाजाने उभ्या केलेल्या पत्राची ही गोष्ट आपण लक्ष देऊन वाचली पाहिजे. कारण आपली माध्यमेही अशाच गरजेतून जन्मली आहेत, आणि हा प्रश्न आज आपल्याही दारात उभा आहे.

बाबासाहेबांचा हिशेब

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपये दिले. बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची पर्वा करत नाहीत, ही तक्रार बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात मांडली. 3 एप्रिल 1927 पासून 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याचे रकाने बाबासाहेब बहुतांशी एकहाती आणि विनामोबदला लिहीत होते. पत्र कर्जात असताना 1928 साली त्यांनी अग्रलेखातून थेट वाचकांपुढे हे ऋण मांडले. पत्र समाजाचे आहे, तर ते जगवण्याची जबाबदारीही समाजाची आहे, ही त्यामागची भूमिका होती. अखेर पैशाअभावी 1929 साली 'बहिष्कृत भारत' बंद पडले.

18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात त्यांनी भारतीय वृत्तपत्रांवर कठोर टीका केली. पत्रकारितेचा धंदा झाला आहे, साबण बनवण्यापेक्षा अधिक नैतिक जबाबदारी ती मानत नाही आणि व्यक्तिपूजेत रमली आहे, असा त्यांचा रोख होता. हे भाषण आपण नेहमी 'त्यांच्या' माध्यमांना ऐकवतो. ते आपल्या पोर्टलना आणि यूट्यूब चॅनेलनाही लागू आहे.

आपली बहुतेक माध्यमे कशावर चालतात? 14 एप्रिल, अशोक विजयादशमी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा, नेत्यांचे वाढदिवस, निवडणुकीतला प्रचार. यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्याने जयंतीची जाहिरात दिली, त्याच्या ग्रामपंचायतीत समाजकल्याणचा निधी कुठे मुरला, ही बातमी मग लागत नाही. रिपब्लिकन चळवळीच्या एका गटाच्या पैशावर चालणाऱ्या चॅनेलवर दुसऱ्या गटाचा मोर्चा दिसत नाही. सरकारी जाहिरात किंवा मोठ्या उद्योगाचा दबाव आपण चटकन ओळखतो. आपल्याच माणसाचा दबाव मात्र 'समाजाची एकी' या नावाखाली गिळून टाकतो.

नगर जिल्ह्याने शिकवलेले

आम्ही मिरजगावात राहतो. आमच्याच कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जुलै 2016 मध्ये एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. आरोपी दलित होते. त्यानंतरच्या मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी पुढे आली. शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्यात, एप्रिल 2014 मध्ये नितीन आगे या आपल्या मुलाची हत्या झाली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयातून दोन्ही निकाल आले. कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले.

ऑक्टोबर 2014 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या जवखेडे खालसा येथे एकाच दलित कुटुंबातील तिघांची हत्या झाली. राज्यभर आंदोलने झाली. पुढे पोलिसांनी नात्यातल्याच माणसांना अटक केली.

अशा वेळी आपल्या माध्यमाने काय करायचे? कोपर्डीच्या गुन्ह्याचा निःसंदिग्ध निषेध करायचा आणि त्याच अंकात निरपराध वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही मांडायचा. खर्ड्यातला साक्षीदार का उलटला, हे वर्षानुवर्षे विचारत राहायचे. जवखेड्यात तपास पूर्ण होण्याआधी दोषी ठरवायचे नाहीत. आपली एक खोटी बातमी पुढच्या दहा खऱ्या फिर्यादींवर संशय आणते, आणि त्याची किंमत पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला मोजावी लागते. म्हणून शहानिशा ही आपल्यासाठी न्यायाच्या लढाईतली पहिली पायरी आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरालाही तोच नियम लावू या.

नियम लेखी हवेत

अमेरिकेतील ना-नफा वृत्तसंस्थांच्या 'इन्स्टिट्यूट फॉर नॉनप्रॉफिट न्यूज' या संघटनेचे सदस्य व्हायचे तर वर्षाला 5,000 डॉलर किंवा अधिक देणाऱ्या देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात आणि संपादकीय स्वातंत्र्याचे धोरण ठेवावे लागते. आपली उलाढाल लहान आहे, पण पद्धत घेण्यासारखी आहे. आमच्या मते प्रत्येक बौद्ध-आंबेडकरी माध्यमाने निदान पाच गोष्टी लिहून जाहीर कराव्यात.

एक, मालक, संपादक आणि मोठे देणगीदार कोण आहेत. दोन, पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द. तीन, बातमी छापायची की नाही, हे संपादक ठरवेल. देणगीदार, पदाधिकारी वा भन्तेही नाहीत. चार, चूक झाली तर लेख गुपचूप न काढता त्याच जागी दुरुस्ती. पाच, अत्याचारपीडितेची ओळख उघड करायची नाही. पॉक्सोच्या कलम 23 नुसार बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आरोपी कोणत्याही जातीचा असो.

हे नियम पाळणारे माध्यम काही जाहिराती गमावेल. ती तूट भरण्याचा मार्ग बाबासाहेबांनी 1928 सालीच दाखवला होता. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा गावोगावच्या मंडळांनी अशा माध्यमाला वर्गणी म्हणून द्यावा, आणि देताना हे पाच नियम कुठे लिहिले आहेत ते विचारावे. या संकेतस्थळालाही विचारावे.

जयभीम, नमो बुद्धाय.