‘हत्या’ हा शब्द कोणावर पडतो?

काही वर्षांपूर्वी उमरठला एका वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. पोलादपूर तालुक्यातले हे गाव तानाजी मालुसऱ्यांचे. समाधीचे दर्शन झाले आणि स्पर्धा सुरू झाली. विषय : ‘स्त्रीभ्रूणहत्या : एक कलंक’. बहुतेक भाषणांत गर्भातली मुलगी आईकडे जिवाची भीक मागत होती. टाळ्या पडल्या, आम्हीही सढळ हाताने गुण दिले. परतताना मात्र एक प्रश्न सलत राहिला : या सगळ्या भाषणांत बाप कुठे होता?

प्रश्न जुनाच आहे. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते विधवांना दटावण्यासाठी नव्हे, आसरा देण्यासाठी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल प्रथम फाशी सुनावली गेली. त्या प्रकरणाने संतापून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि पुरुषाच्या वाट्याचा दोष चव्हाट्यावर मांडला. आम्ही हे पुस्तक वर्गात शिकवतो आणि निबंधाला मात्र ‘भ्रूणहत्या’ हाच विषय देतो!

‘गर्भपात’ या शब्दात कर्ता नाही. ‘हत्या’ म्हटले की मारेकरी हवाच आणि तो आईच ठरते. कायदा याच्या नेमका उलट आहे. लिंगनिदानविरोधी कायद्याच्या २४व्या कलमानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, स्त्रीवर पती वा नातेवाईकांनी सक्ती केली असेच न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. कायदा जिला दडपणाखालची समजतो, तिला आपली भाषा खुनी ठरवते.

कोणी म्हणेल, मुलींची संख्या घटत असताना शब्द कठोरच हवा. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. तरीही दरहजारी मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कठोर शब्दाने ही घसरण थांबली नाही. कारण घाव घालायचा तो हुंड्यावर, वंशाच्या दिव्याच्या हव्यासावर आणि लिंग सांगून पैसे घेणाऱ्या डॉक्टरवर.

उलट, या शब्दाचे सावट सर्वच गर्भपातांवर पडले. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपात वैध केला. सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, असे स्पष्ट केले. परंतु डोंगरातल्या वाडीवरची बाई ‘हत्या’ या शब्दाच्या धाकाने दवाखान्याची पायरीच चढली नाही आणि भोंदूकडे गेली, तर तिच्या जिवाला जबाबदार कोण?

‘लिंगनिवड’ हा नेमका शब्द मराठीत आहे. तो वापरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढच्या स्पर्धेला विषय द्यावा : ‘मुलगाच का हवा?’ मग मुलांना आईऐवजी घरातल्या इतरांकडे बोट दाखवावे लागेल. टाळ्या कदाचित कमी पडतील. गुण आम्ही देऊ.