टायर नवं, सायकल जुनी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात शेजारच्या बलकांवातून धडाम असा आवाज आला. चवथीला अजून तीन-चार महिने होते, त्यामुळे फटाका नक्कीच नव्हे. धावत गेलो, तर शेजारच्या तारवटी आंकलचा मुलगा हातात पंप धरून सुन्न बसलेला, आणि समोरच्या सायकलचं पुढचं टायर कडेने वीतभर फाटलेलं.

ही सायकल मी कॉलेजात असल्यापासून ओळखतो. आंकल जहाजावर होते. १९८९ साली ते जपानमधल्या कुठल्याशा बंदरातून ही 'गियरची सायकल' घेऊन आले, तेव्हा अख्खा वाडा ती बघायला जमला होता. माउंटन बाईक हा शब्द आमच्याकडे तोपर्यंत पोचला नव्हता. आता आंकल नाहीत. मुलगा पोर्तुगालला असतो. सुट्टीत आला आणि कोठारात लाकडांच्या मागे गंजत पडलेली सायकल त्याने बाहेर काढली. हट्ट एकच : "पप्पान हाडली तशीच जाय म्हाका."

त्या हट्टापायी त्याने जपानमधल्या एका लिलावातून त्याच काळातली, कधीच न वापरलेली, तपकिरी कडांची टायरांची जोडी मागवली होती. किंमत, टपाल आणि वर कस्टमची ड्यूटी धरून जो आकडा झाला, तो मी इथे लिहीत नाही. फुटलं ते त्या जोडीतलंच एक टायर. घरात फुटलं म्हणून बरं. आमच्या देवळाकडच्या उतारावर फुटलं असतं, तर मी आज हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

तर मुद्दा असा, की जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

आधीच सांगतो, मी अस्सलपणाची टिंगल करणाऱ्यांतला नाही. उलट त्या शोधात एक मजा आहे. शिमानोच्या त्या काळातल्या सुट्या भागांवर पाठीमागे दोन रोमन अक्षरं कोरलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत यायचं. आंकलच्या सायकलच्या मागच्या ब्रेकवर आम्हाला 'एम जे' सापडलं. म्हणजे १९८८ चा ऑक्टोबर. भिंगातून ती अक्षरं वाचताना त्या मुलाचे डोळे पाणावले होते. अशा गोष्टीला मी वेड म्हणणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत तर जुन्या पद्धतीचा आग्रह निव्वळ हौसेचा नसतो, त्याला यंत्राचं कारण आहे. या सायकलला पुढे कँटिलिव्हर ब्रेक आहे. चाकाच्या दोन बाजूंना दोन दांडे, त्यांना जोडणारी आडवी तार, आणि ती मधोमध वर ओढणारी मुख्य तार. १९९६ च्या सुमारास शिमानोचे व्ही-ब्रेक बाजारात आले आणि थोड्या वर्षांत सगळीकडे तेच झाले. व्ही-ब्रेकच्या लिव्हरने तार जास्त लांब ओढली जाते, पण ओढ कमी जोराची असते. ती लिव्हर कँटिलिव्हरला लावली, तर हाताला ब्रेक छान कडक लागतो आणि सायकल मात्र थांबत नाही. आंकलच्या सायकलची एक लिव्हर मागे कधीतरी मोडली होती आणि कोणीतरी नेमकी अशीच चुकीची लिव्हर बसवून दिली होती. तेव्हा त्या काळातली लिव्हर शोधणं इथे गरजेचंच होतं.

मागचा ब्रेक आणखी वेगळा. तो यू-ब्रेक. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकार फार चालला. तो पायडलच्या मागे, खालच्या दांड्यांच्या पोटाशी बसवत, त्यामुळे सगळा चिखल थेट त्याच्यावर. आमच्या तांबड्या मातीच्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल, हे सांगायला नको. त्याच्या खुंट्या रिमच्या वरच्या अंगाला असतात, कँटिलिव्हरच्या रिमच्या खालच्या अंगाला. म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत नाही. रबर झिजलं की यू-ब्रेक वर सरकून टायर कापू लागतो आणि कँटिलिव्हर खाली सरकून रिमखाली घुसू बघतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने 'अगदी मूळचाच' ब्रेक मिळवला तरी उपयोग शून्य.

पण रबराचं गणित निराळं. धातूचा दांडा पस्तीस वर्षं कपाटात राहिला, तर पुसून, तेल घालून वापरता येतो. रबर कपाटातही म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला आतून कडक करतात, कडेला बारीक चिरा पडतात, आतलं कापड कमजोर होतं. टायर वापरलेलं नाही म्हणजे ते नवं आहे, असं नव्हे. ब्रेकच्या रबरांचंही तेच. जुनी रबरं काचेसारखी गुळगुळीत होतात आणि ओल्या रिमवर नुसती घसरतात. आपल्याकडे वर्षाचे चार महिने रिम ओलीच असते, हे विसरू नये.

म्हणून माझं मत साधं आहे. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं आणि तारा या चार गोष्टी कायम नव्या. दांडे, लिव्हर, गियर शक्य तितके त्या काळातले. बाकी शोभा ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे.

नवं घेतलं म्हणून रूप बिघडतं, असंही नाही. जुन्या ब्रेकच्या गुळगुळीत दांडीत बसणारी रबरं कूल-स्टॉपसारखे कारखाने अजून काढतात. त्यातलं सामन माशाच्या रंगाचं रबर पावसात चांगलं धरतं. टायरांचं तर आपलं नशीब थोर. तिकडे आता २७.५ आणि २९ इंची चाकांचं राज्य आहे, २६ इंचीचं चांगलं टायर शोधावं लागतं. आपल्याकडे साध्या डोंगरी सायकली अजून २६ इंचीच निघतात, त्यामुळे २६ × १.९५ किंवा २६ × २.१० चं टायर म्हापशात काय नि मडगावात काय, दुकानात विचारलं की मिळतं. फक्त माप नीट वाचा. २६ × १ ३/८ हे आपल्या जुन्या साध्या सायकलींचं टायर वेगळंच. त्याच्या कडेचा व्यास ५९० मिलिमीटर, डोंगरी सायकलच्या टायरचा ५५९. दोन्हींवर २६ च लिहिलेलं. आमचा मेस्त पहिल्या फेरीत तेच घेऊन आला होता.

आणखी एक. जुनी सायकल सजवणारे पुढचा पांढरा परावर्तक 'कुरूप दिसतो' म्हणून पहिल्यांदा काढून टाकतात. कँटिलिव्हरची मुख्य तार तुटली, तर ती आडवी तार गोट्यागोट्यांच्या टायरवर पडून अडकू शकते, चाक जागीच थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे. परावर्तकाची ती पत्री पट्टी पडणारी तार झेलते. शोभेच्या नादात आपण नेमकं काय काढून टाकतो, याचं हे उदाहरण मला फार बोलकं वाटतं.

आणि ज्या परंपरेच्या नावाने हा हट्ट चालतो, ती परंपरा तरी काय होती? कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जाड टायरांच्या श्विन सायकली भंगारातून उचलून डोंगरउतारावर सोडत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकातला पायब्रेक उतरताना इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रिपॅक'. पुढे त्यांनी मोटारसायकलच्या लिव्हर लावल्या, फ्रान्समधले कँटिलिव्हर आणले, १९७७ मध्ये जो ब्रीझने खास सांगाडाच बांधला. हातात येईल ते चांगलं बसवायचं आणि जिवंत खाली पोचायचं, हा त्यांचा धर्म. त्यांच्यापैकी कोणी पस्तीस वर्षांचं टायर घालून उतरला असता, असं मला वाटत नाही.

आपल्या घुमटाचंच बघा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा बकरीचं कातडं आलं. नादात फरक पडला, जुने वाजवणारे कुरकुरले. पण आरत्या थांबल्या नाहीत. कातडं फाटतं, बदलतं. मातीचा घट आणि वाजवणारा हात टिकला की घुमट टिकलं.

कोणी म्हणेल, असं एकेक बदलत गेलं तर शेवटी आंकलचं काय उरलं? प्रश्न खरा आहे. सायकल भिंतीवर टांगायची असेल, तर जुनीच टायरं असू देत, हवा भरू नका, माझी काही हरकत नाही. पण चालवायची असेल, तर आंकलनेच सांगितलं असतं. जहाजावर आयुष्य काढलेला माणूस दोरखंड जुना झाला की दर्यात टाकतो, त्याची पूजा करत बसत नाही.

असो. जूनच्या पहिल्या सरीआधी सायकल तयार झाली. म्हापशाची काळी टायरं, नवी रबरं, नव्या तारा, १९८८ चे ब्रेक. लिव्हर पुण्याच्या एका हौशी माणसाने पाठवली, फक्त टपालखर्च घेऊन. परावर्तक जागच्या जागी. फुटलेलं टायर मुलाने बलकांवातल्या खिळ्याला अडकवून ठेवलं आहे.

परत जायच्या आदल्या दिवशी तो देवळाकडचा उतार उतरून आला. खाली वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि सायकल थांबली. मी तिथेच उभा होतो.